दारातली आंघोळ

आज सकाळी कोळंबीच्या शेडच्या दाराशी मी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, औषधाच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत न जाता पायरीवर बसलो. पंचशील म्हणायला घेतले आणि पहिल्याच शीलावर अडलो. मग जे करायचे ते केले, घरी आलो आणि हे लिहायला घेतले.

मी, धम्मानंद तातेराव सोनकांबळे, वय एकोणपन्नास, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाविना करतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. रागात आहे, तेही मीच लिहून ठेवतो. उद्या कुणी कोर्टात ते शोधून काढल्याचा आव आणू नये. आधीच्या मृत्युपत्रात शेड मी माझा मेहुणा किशोर याला दिली होती. ते मृत्युपत्र रद्द.

१. राहता फ्लॅट पत्नी माधवी हिला. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती तिनेच लावावी. मी लावली की ती वाकडीच उभी राहते, हे तिचे म्हणणे खरे आहे.

२. बँकेतील ठेवी मुलगी योगिनी हिला. ती मराठी अडखळत वाचते, म्हणून माधवीने हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा. मामाबद्दलचा मजकूर गाळू नये.

३. शेड. दिलसुखनगरच्या बरीच पुढे, वस्ती संपते तिथे. समुद्र नाही तिथे कोळंबी कशी, म्हणून लोक हसत. समुद्र नाही म्हणूनच. किनाऱ्यावर रोग या तळ्यातून त्या तळ्यात फिरतो. इथे खारे पाणी आम्ही स्वतः बनवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तपासून निरोगी ठरलेल्या माता कोळंब्याच ठेवतो. त्यांची पिल्ले किनाऱ्यावरचे तळेवाले वाढवायला डोळे मिटून नेतात. तो सगळा विश्वास एका दारावर उभा आहे: आंघोळ, धुतलेले पांढरे कपडे, पायांना औषध, मगच आत. मालकालाही सूट नाही.

गेल्या पौर्णिमेला मी विहारात होतो. किशोरने वडिलांना, म्हणजे माझे सासरे नामदेवराव यांना, किनाऱ्यावरची गिऱ्हाइकांची तळी दाखवली आणि परतताना थेट शेडवर आणले. दारावर भाग्यलक्ष्मी असतात. त्यांचेच शब्द लिहितो: "मैं बोली साब, नहाना पड़ता बोलके. बड़े साब बिचारे बटन खोल रहे थे. किशोर साब चिल्लाए, तू कौन होती बोलके." आणि चिखलाच्या बुटांनी तो वडिलांना आत घेऊन गेला. मातांच्या टाकीत त्यांना कौतुकाने हात घालायला लावला.

पुढच्या तपासणीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघाला. मी जाब विचारला, तर म्हणतो, "दाजी, गावात माझ्या बापाला आडाला शिवू दिलं नाही कुणी. आता तुमच्या दारातबी धुऊन घ्यायचं का त्यांना? आपल्याच माणसाचा विटाळ?"

त्या शब्दाने आमच्या कैक पिढ्या वाकल्या. तो त्याने बुटांचा चिखल झाकायला वापरला. विहारात आपण आंघोळ करून, पांढरे घालूनच जातो. तिथे किशोरचा मान दुखत नाही. विटाळ धरत तो माणूस बघून. माझे दार माणूस बघत नव्हते.

वर म्हणाला, "झालं ते झालं. पिल्लं पोहतायत ना? विकून मोकळे होऊ. तळ्यात गेल्यावर मेली तर लोक पाण्याला बोल लावतील, आपलं नाव कोण घेतंय?"

मी म्हणालो, सगळे नष्ट करावे लागेल.

"तुमच्यामागं हे माझंच हाय. माझ्याच मालात विष घालता? अन् जीव घेणार नाही म्हणून रोज पंचशील म्हणणारे तुम्ही?"

म्हणून हे मृत्युपत्र. शेड योगिनीला. तिला चालवायची नसेल तर विकावी. किशोरला विकू नये, भाड्याने देऊ नये, आत येऊ देऊ नये. आंघोळ करून आला तरी.

४. नामदेवरावांना मी एकदा मानाने शेड दाखवणार होतो. त्यांच्या मापाचे पांढरे कपडे शिवून दाराशी फळीवर ठेवले आहेत. घडी मोडलेली नाही. ते त्यांचे. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ते बटणे काढत होते.

५. दारातला पाय बुडवायचा टब किशोरला. त्याने नीट बघितलेला नाही, आता घरी बघावा.

६. भाग्यलक्ष्मी या कागदाला साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना यात काही लिहीत नाही. त्यांचे जे द्यायचे ते मी हयातीत माझ्या हाताने देईन.

७. माता कोळंब्या आणि पिल्ले कुणालाही दिलेली नाहीत. खाण्यासाठी वाढणारा जीव मी वाढवतो, हा प्रश्न घेऊनच मी आजवर जगलो. पण माझ्या हाताने मी कधी मारले नव्हते. किशोरने आठवण करून दिलेले ते शील मी आज समजून उमजून मोडले आहे. त्याचे फळ मला मिळो, तळेवाल्यांना नको. पायरीवरून उठलो, आत गेलो आणि एकेका टाकीत क्लोरीन ओतले. शेवटची हालचाल थांबेपर्यंत उभा राहिलो. मग बाहेर येऊन पुन्हा आंघोळ केली, मातीहून आल्यावर करतात तशी.

ठिकाण: बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

(सही) धम्मानंद तातेराव सोनकांबळे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. एकनाथराव वाघमारे, शेजारी (सही)
२. भाग्यलक्ष्मी, शेडच्या दारावर कामास. मजकूर हिंदीत सांगितला, समजला (सही तेलुगूत)