गुडगावची कॅसेट

बाबा, तुमच्या बँडच्या कॅसेट मी या महिन्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तुमच्याबरोबर बास गिटार वाजवणारे काका आता घरीच असतात, त्यांना त्या ऐकायच्या होत्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, काम शांतपणे होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

आधी आपल्या गाझियाबादच्या घरी भरलेल्या ऐकल्या. रविवारची सकाळ, सोफा भिंतीला सरकवलेला, आई पोह्यांच्या बशा कुठे ठेवायच्या ते शोधतेय. मी नऊ वर्षांची. कॅसेटची एक बाजू संपली की उलटवणं हे माझं काम. तुम्ही सगळे एका सुरावरून निघता आणि पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नसतं. "कप्तान, आज उतरना कहाँ है?" ड्रमवाले अंकल विचारतात. "जहाँ पेट्रोल खत्म हो," तुम्ही म्हणता. कुणी भरकटलं की बाकीचे थांबतात, ऐकतात, मग त्याच्या मागोमाग जातात. मला कीबोर्ड शिकवतानाही तुम्ही म्हणाला होतात, "चुकलीस तर तोच सूर पुन्हा वाजव. बाकीचे येतील मागून." मी ते नियमासारखं पाठ केलं.

मग गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तुम्हाला कंपन्यांच्या पार्ट्या मिळू लागल्या. त्या कॅसेटमध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. जरा जागा दिसली की तुमची गिटार ती भरून टाकते. कुणी कधी आणि किती वेळ 'मोकळं', म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते, वाजवायचं, तेही तुम्ही कागदावर लिहून देऊ लागलात. दोन वेगळ्या कार्यक्रमांतलं तुमचं मोकळं वादन मी स्क्रीनवर एकाखाली एक ठेवलं. सूर न् सूर जुळतो. आणि दोन्हीकडे तुम्ही माइकवर सांगताय, "ये अभी-अभी, आपके सामने बन रहा है." लोक टाळ्या वाजवताहेत.

तसल्याच एका पार्टीत मी तुमच्याबरोबर वाजवलं. सोळा वर्षांची होते. माझ्या वाट्याच्या जागी एक सूर चुकला. मी तोच पुन्हा वाजवला आणि तिथून पुढे निघाले. थोड्या वेळाने मला माझाच कीबोर्ड ऐकू येईना. गाडीत तुम्ही म्हणालात, "घाबरलीस. हातच भित्रे आहेत तुझे. पट्टी दाबतेस, पण सूर निघत नाही."

"अहो, असू दे ना," आई म्हणाली.

"मग काय, खोटं कौतुक करू?"

त्यानंतर मी कीबोर्डला हात लावला नाही.

ती कॅसेट गेल्या आठवड्यात ऐकली. डाव्या स्पीकरमध्ये सगळ्यांची वाद्यं एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून आलेला आवाज आहे, उजव्या स्पीकरमध्ये माझ्या शेजारी लावलेल्या साध्या माइकचा. डावीकडे माझा कीबोर्ड दोन सेकंदांत, एकसारखा उतरत शून्यावर येतो. घाबरलेल्या बोटांचा आवाज असा उतरत नाही. मिक्सरचं बटण खाली ओढलं की उतरतो, आणि मिक्सर तुमच्या हाताशी होता. उजवीकडे प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक गाणं संपेपर्यंत चालू आहे.

मी काकांना फोन केला. टकटकीचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आम्हाला वाटलं, त्याने नंतर सांगितलं असेल तुला." म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. तुमच्या कागदावर नसलेलं काहीतरी वाजू लागलं आणि तुम्ही घाबरलात, बाबा. भित्री मला म्हणालात.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिलं. टकटकीत ताल कुठेही सुटलेला नाही, ते मी तपासलं. त्यावरून सूर मात्र काढता येत नाहीत. तीन दिवस प्रयत्न केला. फोन ठेवताना काकांनी विचारलं, "कसं वाजवत होतीस गं तेव्हा?" मी म्हणाले, "छान." ते मला माहीत नाही.