मागची सीट

सुमित्रा,

तू देवळातून यायच्या आत मी निघालोय. घाबरू नकोस, एकटा नाही. वेंकोबानं दोघांची सायकल आणलीय, दोन सीटची, दोघांनी पेडल मारायची! पुढं तो, मागं मी. बन्नूरला जाऊन जेवायला परत येतो. काल तू गिरणीत गेलीस तेव्हा गल्लीत फेरी मारून पाहिली. अगं, डोळे गेले तरी वारा तसाच लागतो!

कागदावर पट्टी ठेवून लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. उप्पीट खाल्लं. गॅस बंद केलाय, बटण चाचपून पाहिलं. सुम्ने, उगाच फोन करत बसू नकोस, हँडल सोडून उचलता येणार नाही.

संध्याकाळी आपण मार्केटात जाऊ. पण मनगट धरून मला ओढायचं नाही. मग मी खेकसतो आणि तू घरी येईपर्यंत बोलत नाहीस. अंधांच्या केंद्रातल्या बाईंनी शिकवलंय, तू अर्धं पाऊल पुढं चालायचं आणि मी तुझं कोपर धरायचं. इतक्या वर्षांत चारचौघांत मी तुझा हात कधी धरला नाही. तू लाजशील. लाज खुशाल, मला कुठं दिसणार आहे!

दत्तोजी