चहाच्या डब्यापासून डावीकडे दोन

बाबा, शाळेबाहेरची माझी शाळा म्हणजे एडिसन गावातलं आपलं स्वयंपाकघर, आणि मास्तर तू. आपण सारखी भाड्याची घरं बदलायचो. डबे सगळे स्टीलचे, एकसारखे, म्हणून मी वहीत लिहून ठेवलं होतं: खिडकीकडून चौथा डबा, साखर. घर बदललं आणि वही फुकट गेली. तू हसलास. "खिडकी येते का आपल्याबरोबर? डबे येतात. हा पोचा आलेला चहाचा डबा धर आणि तिथून मोज." प्रत्येक नव्या घरात तू डबे त्याच क्रमाने लावायचास. साखर डावीकडे दोन, मीठ उजवीकडे दोन. एकदा पाहुणे आलेले असताना तू मला शिऱ्यात साखर घालायला सांगितलीस. मी दोन मोजले, पण उजवीकडे. पांढरं दिसलं, वाटीभर ओतलं. पहिल्याच घासाला काकूंचा चेहरा वाकडा झाला. मी म्हणाले, "डबे कुणीतरी हलवलेत." तू फळीकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माझ्याकडूनच हलले असतील. काकू, शिरा राहू द्या, चहा घ्या. त्याचा डबा मला नक्की माहीत आहे."

आता मी सनीव्हेलला असते आणि असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, कोड लिहिते. गेल्या महिन्यात एक जंप टेबल लिहिलं, म्हणजे कुठला आकडा आला की कोडच्या कुठल्या भागात उडी मारायची याची यादी. हा कोड शेअर्ड लायब्ररीतला, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या संचातला. लोडर तिला मेमरीत दर वेळी वेगळ्या पत्त्यावर उतरवतो. म्हणून मी यादीत पत्ते लिहिले नाहीत, प्रत्येक भागाचं टेबलापासूनचं अंतर लिहिलं. चहाचा डबाच तो. तरी एक उडी भलतीकडेच जायची आणि प्रोग्राम कोसळायचा. मी टीमला ठामपणे सांगितलं, दोष लोडरचा आहे. लोडरवाले दोन दिवस त्यात डोकं घालून बसले. आज सकाळी मला दिसलं: तो एकच भाग टेबलाच्या आधी येतो, त्याचं अंतर उणे, आणि कोडमधली माझी सूचना ते अधिक समजून वाचते. पुन्हा उजवीकडे.

शेजारी बसणारा नागपूरचा मित्र म्हणाला, "गुपचूप फिक्स कर ना यार. उद्या रिलीज आहे, कोण विचारतंय?" मी सगळ्यांना लिहिलं: लोडर बरोबर आहे, चूक माझी. लोडरवाल्यांचं एका ओळीत उत्तर आलं, "थँक्स, आता जेवायला जातो." मित्र म्हणाला, "वेडी आहेस. डोनट तरी आण त्यांना." एक सूचना बदलली. आता लायब्ररी कुठेही उतरो, टेबल चुकत नाही. मी दहा वेळा तपासलं, अकराव्यांदा तपासणार नाही.

तू जाऊन सोळा वर्षं झाली, हे पत्र कुठेच जाणार नाही. पण आज एकदा खरं लिहिलंच आहे, तर हेही. त्या दिवशी डबे कुणी हलवले नव्हते, बाबा. तू फळीकडे पाहिलंस तेव्हाच तुला ते कळलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.