सुतकातली पांढरी कोरांटी

प्रिय आत्या,

काल आईनं तुझ्या दुधाच्या पिशव्या हलवायला काढल्या. कोरांटीच्या काड्या लावून न्हाणीच्या भिंतीला लागून तू ओळीनं मांडलेल्या, त्याच नऊ. म्हणाली, "किसन, नुसती मातीच राहिली यात. टाकून ये उकिरड्यावर." मी म्हणालो, उद्या टाकतो. म्हणून आज लिहायला बसलो. त्या पिशव्या उचलायच्या आधी तुला एक सांगायचंय, जे मी या घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी कोरांटी उन्हानं मेली नाही. मी मारली.

आठवी नापास माणसाचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. तू तरी कुठं शाळेत गेली होतीस!

तुझा तो फोन आला तेव्हा मी बोअरवेलच्या गाडीवर होतो, कर्नाटकात. तिथली माती काय लाल आहे आत्या! कपडे धुतले तरी पाणी गुलाबी येतं. त्या गावात एक कुत्रं आमच्या मशीनचा आवाज सुरू झाला की सूर लावायचं, अन् ड्रायव्हर त्याला रोज बिस्कीट... जाऊ दे. तर तू म्हणालीस, "किसन्या, नाली खोदायला जेसीबी आला अन् झाड गेलं रे." मी विचारलं, कोणतं झाड? कोणतं झाड! घरात कढीपत्ता होता, लिंबू होतं, पपई होती, त्यांना त्यांची नावं होती. 'झाड' तू एकट्या न्हाणीजवळच्या कोरांटीलाच म्हणायचीस.

तू जेसीबीवाल्याला थांबवून फांद्या तेवढ्या काढून घेतल्यास. मग मला फोनवरच सगळं शिकवत बसलीस, जसा काही मी तिथं बाग लावणार होतो. पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, लई कोवळी नको, लई जून नको. पेराच्या खाली तिरपा काप. खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी छाटायची. दोन पेरं मातीत, दोन उजेडात. नुसती काळी माती घालायची न्हाई, ती पाणी धरून बसती अन् काडी कुजती, म्हणून निम्मी वाळू. फोन स्पीकरवर होता. ड्रायव्हर जेवता जेवता हसला, "तुझी आत्या शेतकी खात्यात हाय का बे?" तुला ऐकू गेलं. तू म्हणालीस, "त्याला म्हणाव, खात्यात असते तर तुला गाडीवर पाठवलं असतं का?"

त्यानंतर चार वेळा फोन केलास. पानं फुटली, म्हणालीस. पण पानं फुटली म्हणजे मुळी फुटली असं नसतं, काडी आधी तिच्या पोटातलंच खाती, हेही तूच सांगितलंस. "पावसाच्या आधी ये लेकरा, मोठ्या कुंड्यांत लावू. माझ्यानं माती उचलून होत न्हाई, दम लागून राहिला." मी चारही वेळा म्हणालो, येतो. मी कुंड्यांचं ऐकलं. दमाचं ऐकलंच नाही! काहून ऐकलं नसेल मी? तू कधी तुझ्याबद्दल सांगायचीसच नाहीस, झाडाच्या आडून सांगायचीस, हे मला कळायला पाहिजे होतं. तुलाही जरा सरळ बोलता आलं असतं की.

मी आलो तेव्हा तू राख झाली होतीस.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ओट्यावर भावकी बसली. थोरले काका म्हणाले, "दिलेली लेक हाय. भावाला सुतक तीनच दिवसांचं. आज आंघोळ करा अन् मोकळे व्हा, हळद शिजवायची राहिलीय सगळ्यायची." रीत तशीच आहे, त्यांचं चुकलं नाही. पण दादा उठला. माझा बाप, जो सहा महिन्यांत सहा वाक्यं बोलतो! म्हणाला, "त्या लोकांनी टाकली तिला. तीस वर्षं या घरात राबली. आता मेल्यावर पण तुमी तिला पाहुणीच करून राहिले का? तेरा दिवस पाळायचे. ज्याला हळद शिजवायची त्यानं शिजवावी." मला बापाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. खरंच सांगतो.

आणि त्याच वेळी तुझ्या नऊ काड्या न्हाणीजवळ उन्हात उभ्या होत्या.

तुझा कायदा होता ना आत्या! महादेवाची फुलं, विटाळाचा हात लागू द्यायचा नाही, सुतकाचा तर नाहीच नाही. लहानपणी भावकीतलं कुणी गेलं होतं अन् मी सुतकात एक फूल तोडलं, तर माझ्या कानाखाली काढलेली तू. ते मोठं झाड होतं, जमिनीत खोल गेलेलं. दहा दिवस पाणी नाही मिळालं तरी त्याला काही होत नव्हतं. तरीसुद्धा तू पारूकाकूला सांगायचीस. तिचं घर शेजारचं पण भावकीबाहेरचं, तिला सुतक नाही. ती भिंतीवरून दोन तांबे ओतायची. म्हणजे तुझ्या कायद्याला वाट होती. ती वाट पण तूच बंद केलीस!

दीड वर्षापूर्वी पारूकाकूनं एक काडी मागितली होती. लेकीच्या घरी लावायला. तू म्हणालीस, "देवाचं झाड वाटत नसतेत." ती म्हणाली, "देव काय तुझ्या एकटीच्या न्हाणीजवळ राहतो का गं?" झालं. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या भिंतीकडे पाठ करून भांडी घासायच्या. एक काडी! दिली असतीस तर आज मी हे पत्र लिहीत नसतो.

आता खरं काय ते सांगतो.

सहाव्या दिवशी दुपारी मी एकटाच मागं बसलो होतो. पानं खाली मान टाकून होती. मी रोज बघत होतो. बघायला सुतक नसतं ना. पारूकाकू भिंतीपाशी आली. हातात भरलेला तांब्या होता. म्हणजे विचारायलाच आली होती, ठरवून.

"किसन, घालू का रे? वाळून राहिलेत."

आणि मी काय म्हणालो माहितीये?

"नको काकू. आत्याला चाललं नसतं."

तिनं तांब्या मागं घेतला. मग म्हणाली, "बरं बाबा. तुझ्या घरचं तू पाहा," आणि ते पाणी तिनं तिच्या दारातल्या तुळशीला ओतलं. मला त्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

जन्मात तुझं एक ऐकलं नाही मी. शाळेत जा म्हणालीस, गेलो नाही. आयटीआयला घाल म्हणालीस दादाला, त्यानं घातलं, मी तीन महिन्यांत पळालो. एका गावात राहा म्हणालीस. आणि जेव्हा ऐकायचं नव्हतं तेव्हा तुझं भांडण डोक्यावर घेऊन बसलो! मला वाटलं, हे केलं की मी तुझा. मयतीला नव्हतो, निदान वैराला तरी उभा राहीन. किती मूर्ख असावं माणसानं!

तेराव्याला गोड जेवण झालं, पंगती उठल्या, आणि मी बादली घेऊन धावलो. माती दगड झाली होती. पाणी पिशव्यांच्या कडेनं खाली निघून गेलं, आत शिरलंच नाही. मी एकेक काडी नखानं खरवडून पाहिली. तपकिरी. तपकिरी. आठ काड्या तपकिरी निघाल्या. नववीच्या सालीखाली हिरवं होतं, आत्या. ओलं हिरवं.

आणि मला राहवलं नाही. मुळी फुटलीय का ते पाहायला मी ती उपटली. हो, उपटली! फुटली होती. सुतासारख्या चार पांढऱ्या मुळ्या, त्यातल्या तीन माझ्या हातात तुटल्या. परत लावली, बाटली कापून वरून झाकली, सावलीत ठेवली. आठवड्यानं तीही गेली. आई म्हणाली, "यंदा ऊनच लई हाय." दादा म्हणाला, "तिच्या मागं गेलं झाड." मी मान हलवली.

मग मी शोधत हिंडलो. ते एक काम मला जमतं. कळमनुरीच्या बाजाराला गेलो, रस्त्यावरच्या तीन नर्सऱ्या पाहिल्या. पिवळी काटेरी कोरांटी मिळाली, निळी मिळाली, पांढरी नाहीच. एक नर्सरीवाला म्हणाला, "भाऊ, गुलाब घेऊन जा ना, कोरांटी कोण विकत घेतं?" तिथं एका टोपल्यात पोपटाची पिल्लं होती विकायला, तासभर ती पाहत बसलो, बसही चुकली. असो. शेवटी एकच गाव राहिलं. जिथून तू ते झाड आणलं होतंस.

शिरड शहापूर.

तू मला तिकडं कधी जाऊ दिलं नाहीस. मलाही माहीत होतं ते एवढंच, की लेकरू झालं नाही म्हणून त्यांनी दुसरी केली, आणि तू ओल्या फडक्यात एक काडी गुंडाळून निघालीस. मी घर विचारत गेलो. गल्लीत वळलो आणि थांबलोच.

पांढरी कोरांटी आत्या, प्रत्येक दारात! फुलं नव्हती, दिवस नव्हते फुलांचे, पण मला पान ओळखू येतं. कुंपणाला कोरांटी, न्हाणीला कोरांटी, एका घरी तर गोठ्याच्या कडेला. तू जी एक म्हणून सांभाळत बसलीस, ती तिथं शेळ्यांच्या तोंडाला येत होती.

तुझी सवत दारात तांदूळ निवडत होती. म्हातारी झालीय. तिनं विचारलं, "कोणाचा रे तू?"

"गयाबाईचा भाचा."

तिनं सूप खाली ठेवलं. "कशी हाय?"

"वैशाखात गेली."

तिनं पदराला हात पुसले. मग सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाली, "मी या घरी आले तवा तिचं झाड आंगणात व्हतं. पयल्या दिवशी वाटलं, उपटून फेकावं. मंग थंडीत फुललं. म्हणलं, झाडानं काय केलं माझं? तवापासून या गल्लीतली कोणतीबी पोरगी सासरी निघाली की एक काडी संगं देती मी. समदे गयाबाईची कोरांटीच म्हणतेत. मला वाईट वाटायचं आधी. आता माझ्याबी तोंडात तेच नाव बसलं."

तुला हे ऐकून राग येईल का? मला वाटतं, येईल. दोन दिवस जेवणार नाहीस. पण तुला माहीत असायला पाहिजे होतं गं. कुणीतरी तुझ्या जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं, आणि गावोगाव हिंडणारा घरात मी एकटाच होतो.

तिनं पाच काड्या कापून दिल्या, तिरपा काप, पेराच्या खाली, बरोब्बर तुझ्यासारखा. घरी आलो ते आधी पारूकाकूच्या दारात गेलो. दोन काड्या पुढं केल्या. म्हणालो, "काकू, त्या दिवशी माझं चुकलं." तिनं काड्या घेतल्या, उलटसुलट पाहिल्या. म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, तू तिच्यापेक्षा कडू निघणार." आणि आत गेली. पाणी विचारलं नाही, बस म्हणाली नाही. बरोबरच केलं तिनं.

माझ्या तीनपैकी दोन काळ्या पडून गेल्या. तिसरीला दोन पानं आलीत. पारूकाकूच्या दोन्ही उभ्या आहेत.

गाडीमालकाचे फोन येऊन राहिले आहेत. परवा मला निघावं लागेल. मी राहणारा माणूस नाही, तुला खोटं सांगून काय करू? काडीला पाणी पारूकाकू घालणार आहे. मी विचारलं, ती म्हणाली, "घालीन. कोणी मेलं तरी घालीन, आता विचारणार न्हाई कोणाला."

मी तुला शब्द देतो. ही जगली तर जो मागेल त्याला काडी मिळेल, तुझं नाव सांगून मिळेल. हे पत्र मिटलं की मी दादाला जाऊन भिंतीवरच्या त्या तांब्याचं सांगणार आहे. तो मारणार नाही, नुसता बघेल, ते मी सोसीन. पण तीन दिवसांत सुतक फिटलं असतं तर नऊच्या नऊ जगल्या असत्या, हे त्याला मी कधीच सांगणार नाही. त्याच्या ध्यानात आलं नाहीये अजून. तेरा दिवस त्यानं तुला पुरतं घरचं केलं आत्या. तेवढं त्याच्याजवळ राहू दे.

तुझाच,
किसन्या