बायकोचा घसा, माझी मापं

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑपरेशन ठरलं. बायकोचं पित्ताशय काढायचं, पुढच्या मंगळवारी. सर्जन म्हणाले, "खडे म्हणजे काही विशेष नाही. आधी भूल देणाऱ्या बाई बघतील. पूर्ण भूल द्यायची म्हणजे श्वासाची नळी घशातून आत जायला हवी. कोणाची सहज जाते, कोणाची अडते. ते त्या आधी तपासतात."
अडली तर?
"तर जीवावर बेतू शकतं." हे त्यांनी फाइल मिटता मिटता सांगितलं!
येताना बायको रस्ताभर पडद्याच्या कापडाबद्दल बोलत होती.

४ फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. नळीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. घड्याळं दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नव्हतं. हेही जमेल.

५ फेब्रुवारी
बायकोला खिडकीपाशी, उजेडात बसवलं. जीभ पूर्ण बाहेर, 'आ' न करता – पडजीभ स्पष्ट दिसते. उत्तम. तोंडात उभी तीन बोटं मावतात. मान मागे टाकून हनुवटी ते कंठ: दुकानातल्या व्हर्निअरने सात सेंटिमीटर. साडेसहा असले तरी चालतं. खालचे दात वरच्या ओठावर येतात. दात हलत नाहीत.
"अहो, मी काय गजराचं घड्याळ आहे?"
मुलगी दारातून म्हणते, "आई, जरा टिकटिक कर ना. बाबांना बरं वाटेल."
हसा! नळी सहज जाणार. आजच लिहून ठेवतो.

७ फेब्रुवारी
भूल देणाऱ्या बाईंकडे गेलो. वयाने मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. दमा? नाही. गोळ्या? नाही. आधी कधी भूल दिली होती? "कधीच नाही," मी सांगितलं. "बाळंतपणसुद्धा साधं." मग माझी मापं वाचून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकली, हे मान्य करायला हवं.
"तीन बोटं कोणाची?"
"माझी."
"पेशंटची स्वतःची धरायची असतात, काका. तुमची पेन्सिलीसारखी आहेत."
घड्याळजीची बोटं जाड असून कसं चालेल? बायकोने स्वतःची तीन घालून दाखवली. मावली. पण चूक ती चूकच. लागली मनाला.
मग बाई म्हणाल्या, "आता तुम्ही जरा बाहेर बसा. प्रश्न यांना विचारतेय आणि उत्तरं तुमच्याकडून येतायत."
बायको हसली नाही. एरवी हसली असती.
बाहेर बाकावर बसलो. दार बराच वेळ बंद. उघडलं तेव्हा सगळा बेतच बदललेला! नेहमीसारखं आधी झोपवायचं नाही. घसा बधिर करायचा आणि ती जागी असतानाच नाकातून, कॅमेऱ्याने बघत बघत नळी घालायची. झोपवायचं त्यानंतर.
"कशासाठी? मापं सगळी बरोबर आहेत."
"आहेत ना. मापं बरोबर असलेला घसाही कधीकधी ऐनवेळी दगा देतो."
"हिचाच देईल कशावरून?"
"ते तुम्ही त्यांनाच विचारा."
बसमध्ये विचारलं. म्हणाली, "बाई म्हणतात तसं करू या." आणि पुन्हा पडद्याच्या कापडावर आली.

८ फेब्रुवारी
पुन्हा मोजलं. सातच.

९ फेब्रुवारी
म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. जाग्या माणसाच्या नाकातून नळी घालायची, तीही कारण न सांगता! बायकोने हातातली ताटली ओट्यावर आदळली. "घसा कोणाचा आहे? माझा ना? नळी त्याच बाई घालणार, त्या म्हणतात तशीच. नाहीतर खडे पोटातच राहू देत."
इतक्या वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. मुलीने मला खुणेनेच गप्प केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
झालं! सुखरूप बाहेर आली. आवाज बसलाय. म्हणते, "नाकातून गोगलगाय चालत गेल्यासारखं वाटलं."
बाईंनी मला बाजूला बोलावलं. तिच्या जिभेच्या मुळाशी मांसल गाठी आहेत. साध्या, घाबरण्यासारख्या नाहीत, पण नळीच्या अगदी वाटेत. तोंड कितीही उघडलं तरी समोरून दिसत नाहीत. "तुमचं मोजणं चुकलं नव्हतं, काका. मी मोजलं तेव्हाही तेच आलं."
"आणि आधी झोपवून घातली असती तर?"
बाईंनी डोक्यावरची टोपी काढून घडी केली. "नाही ना घातली," म्हणाल्या.
आभार मानायचे होते. नुसता मान हलवत उभा राहिलो.
पण समोरून दिसतच नाही, तर बाईंना आधी कळलं कसं?

१३ फेब्रुवारी
घरी आणलं. दुपारी उशी सारखी करत होतो, तेव्हा आपणहून बोलली. लग्नाचं दुसरं वर्ष. मी इथे दुकान मांडत होतो, ती माहेरी. तिसरा महिना होता – मला कळवायचंच होतं अजून. रक्त थांबेना. झोपवून गर्भाची पिशवी साफ करावी लागली. तेव्हा नळी जाईना, अंग काळंनिळं पडलं होतं म्हणे. जेमतेम वाचली.
आमची मुलगी त्यानंतरची.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुम्ही माझ्यात बिघाड शोधत बसला असता," म्हणाली.