कपाटावरची राख

३ मार्च

झालं! इतकी वर्षं जी राख कुणी फुकट नेत नव्हतं, तिच्यात म्हणे मौल्यवान धातू आहेत. वीजकेंद्राच्या मोठ्या साहेबांनी आज आमच्या प्रयोगशाळेत येऊन भाषण ठोकलं. कोळसा जळतो, धातू राखेत उरतात, ते आपण वेगळे काढायचे. "हा कचरा नाही, खजिना आहे." कालपर्यंत राखेच्या ढिगाजवळून नाकाला रुमाल लावून जाणारे हेच गृहस्थ.

घरी आईला सांगितलं. खोकत खोकत म्हणाली, "मग मी रोज खजिनाच झाडते की."

५ मार्च

ढिगाचे नमुने तपासले. त्यातला महागडा धातू म्हणजे गॅलियम, ते नावापुरतं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

६ मार्च

आईचा खोकला हटत नाही. जिना चढली की मधेच बसते. गेल्या वर्षी मी साहेबांकडे तक्रार घेऊन गेले होते — राख उडून आमच्या वस्तीत येते, काहीतरी करा. उत्तर मिळालं, "आपली राख भिंतीबाहेर जात नाही." इतकी शिस्तीची राख मी तरी पाहिली नाही.

९ मार्च

डोकं फिरलं होतं. आईने कपाटावरून पुसून काढलेली राख पुडीत बांधून नेली आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर तपासायला लावली. गॅलियम ढिगातल्यापेक्षा कितीतरी पट! खरं तर नवल नाही. धातू जास्त असतो तो सगळ्यात बारीक कणांवर, आणि बारीक तेवढंच उडून आमच्या घरात येतं. ढिगात उरतो तो भरड गाळ.

साहेब नाचायचेच बाकी होते. "कुठल्या कोपऱ्यातली ही?"

"आमच्या कपाटावरची."

वाटलं, आता तरी ओशाळतील. छे. सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे आपलीच."

१२ मार्च

वस्तीत माणसं फिरतायत, धूळ ओढून घेणारी यंत्रं घेऊन. माळे, पंख्यांची पाती, फोटोंच्या चौकटी — काही म्हणजे काही सोडत नाहीत. आमच्या माळ्यावरून पिशवीभर निघाली. आई दम खात म्हणाली, "अहो, पोचपावती तरी द्या." यंत्रवाला बिचारा खाली मान घालून निघून गेला.

१३ मार्च

साहेबांनी पाठ थोपटली. उद्या आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेतेय. मला भीती वाटते.

१४ मार्च

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. बारीक धूळ, राखेचीच असणार म्हणाले. दोन्ही फुप्फुसांत, खोलवर. "ही काढता येत नाही."

जिना उतरताना आई म्हणाली, "तुझ्या साहेबांना सांग, थोडा माल माझ्याकडे राहिलाय." मला हसता आलं नाही.

१६ मार्च

एक्स-रे साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, आईच्या छातीतली राख आहे, तुमचीच.

साहेबांनी तो उचलून उजेडासमोर धरला. मग म्हणाले, "ही कशावरून आमची?"