अव्वाच्या पायातला नारू

हैदराबाद, १९४१

चि. शिवरुद्रास अक्काचा आशीर्वाद. राग लय हाय, पण धाकट्या भावाला आशीर्वाद न्हाई तर काय लिहू?

आपली अव्वा बरी हाय. पायातला नारू डॉक्टरांनी काडीला गुंडाळत गुंडाळत सगळा बाहेर काढला. आता ती भाकरी खायलीय, ओसरीपर्यंत चालायलीय.

आता दुसरं ऐक. डॉक्टर उर्दूत म्हणाले, "हा किडा पाण्यातून पोटात जातो. नारू झालेले पाय विहिरीत बुडतात आणि तेच पाणी गाव पितं. पायऱ्या बुजवा, वरून पोहऱ्यानं पाणी ओढा." मी ते अव्वाला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "असाच उर्दू बोलणारा एक सरकारी माणूस आपल्या बोरी गावाला आला होता. शिवा म्हणाला, सरकार विहीर घ्यायलंय. मग गावानं त्याला हाकलून दिलं."

गावात उर्दू शिकलेला तू एकटा. आजोबांनी बांधलेल्या पायऱ्या मोडू नयेत म्हणून गावाला खोटं सांगितलंस? बाया लंगडत पाण्याला जायल्यात, ऐन पेरणीत माणसं खाटेवर पडायलीत, आणि तू गप बसलास!

तुझ्या बायकोचा, शांतम्माचा पाय सुजला न्हाई ना? तिला पायऱ्या उतरू देऊ नको. लेकरांना पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दे.

चावडीवर सगळ्यांना बोलाव आणि तो माणूस खरं काय म्हणाला ते मराठीत सांग. तोवर अव्वा इथंच राहील.

लेकाला काही निरोप हाय का, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, "त्याला कशाला सांगू? तो पुढं भलतंच सांगंल."

तुझी अक्का,
नीलम्मा